सोडलेलं दार

शलाका कवठेकरनं दोन दारं घेतली आणि तिसरं सोडलं. चुकून नव्हे, चांगलं समजून उमजून सोडलं. त्यामुळे पुढं जे झालं त्याचं खापर फोडायला तिला दुसरं कुणी मिळालं नाही.

हे शेजारवीज प्रकरण काय आहे ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. लागोपाठ काही उन्हाळे भारनियमनानं ऑफिसांचा जीव काढला, आणि त्याच सुमाराला सोडियमच्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या. वहीएवढी बॅटरी, फुगत नाही, पेट घेत नाही. मग प्रिंटर म्हणू नका, स्कॅनर म्हणू नका, ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राच्या पोटात एकेक बसवून येऊ लागली. पाठोपाठ कार्बनच्या धाग्यांची केबल आली, भिंतीत चिणून यंत्राला कायमची जोडलेली. आधी नेटवर्कच्या केबलमधून नुसती माहिती धावायची, वीज असलीच तर चिमूटभर. या नव्या केबलमधून माहितीच्या जोडीनं पातेलंभर चहा उकळेल एवढी वीजही खुशाल जायला लागली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की यंत्रं दिवसभर एकमेकांशी बोलतातच, तर अडीअडचणीला एकमेकांना जेवायलाही घालू देत की!

तर झालं असं, की एखाद्या ऑफिसातलं यंत्र अंधारलं की भिंतीपलीकडच्या यंत्रांना ते लगेच कळायचं. त्यांच्या मालकाच्या फोनवर प्रश्न यायचा, ‘शेजारचं यंत्र बंद पडलं आहे. वीज द्यायची?’ खाली ‘हो’ आणि ‘नको’. आता मला सांगा, आपल्याकडं ‘नको’ कोण दाबणार? वाटीभर साखर मागायला आलेल्या बाईला आपण वाटीवर चमचाभर जास्तच घालून देतो. लोक धडाधड ‘हो’ दाबू लागले. सारखी कटकट नको म्हणून कित्येकांनी ‘नेहमी हो’ करून ठेवलं आणि विसरून गेले.

सगळं छान झालं. घोळ एवढाच झाला, की यंत्र बंद ठेवता येईना. दुरुस्तीला आलेला माणूस बटण दाबून मशीन बंद करायचा, आणि पलीकडचे डॉक्टर मोठ्या मनानं ते चालू करायचे! यावर उपाय म्हणून मशीनच्या मुख्य बोर्डावर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी लावायची सोय केली गेली. ती पाटी नेटवर्कवर दिसली की शेजारची यंत्रं गप्प बसायची. पण मुळात बोर्डच मेलेला असेल तर पाटी लावणार कुठं? शेजाऱ्यांना मग एवढंच दिसतं, की आपल्यातलं एक उपाशी पडलंय. असं होऊन दोघातिघांचे पंजे गेले, आणि मग नियम आला. बोर्ड मेलेलं मशीन उघडण्याआधी त्या मशीनला वीज देऊ शकणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याच्या दारात स्वतः जायचं, मालकाला तोंडानं सांगायचं, आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याच्या फोनवर ‘नको’ करून घ्यायचं. दार बंद असेल तर मालकाला फोन करायचा. मेकॅनिक लोक याला ‘दारं घेणं’ म्हणतात. दारात उभं राहून म्हणायचं वाक्यसुद्धा ठरलेलं आहे, ‘माझा हात आत असणार आहे.’

कंपनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला हा धडा शलाकाच शिकवायची. आणि काय तोऱ्यात शिकवायची! “एक दार सुटलं की हात सुटला,” असं म्हणून ती टेबलावर चापट मारायची, की समोरचे पोरगे दचकायचेच.

तर त्या दिवशी सांगलीत विश्रामबागेतल्या एका व्यापारी संकुलातून बाबरचा फोन आला. बाबर म्हणजे ॲडव्होकेट हुद्दारांचा कारकून. वकीलसाहेब कोर्टात, आणि त्यांचं छापून, शिवून, बांधून देणारं भलंमोठं मशीन सकाळपासून ढिम्म.

“म्याडम, पार मेलंय बघा,” बाबर म्हणाला. “बटण दाबलं तरी हूं नाही का चूं नाही.”

त्या संकुलात जायचं शलाका गेलं वर्षभर टाळत होती. दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. पण आज एक मेकॅनिक रजेवर होता, दुसरा तापानं फणफणला होता. गेली मुकाट्यानं.

मशीनचा बोर्ड जळालाय हे तिला वासावरूनच कळलं. म्हणजे दारं घेणं आलं. मशीनवर बसवलेल्या पट्टीवर तीन बारीक दिवे होते, तीन शेजाऱ्यांचे; वीज येत असली की हिरवे, ‘नको’ म्हटलं की लाल. पहिला शेजारी दातांचे डॉक्टर मगदूम. ते एका माणसाच्या उघड्या तोंडात वाकलेले.

“डॉक्टर, वकिलांचं मशीन उघडतीय. फोनवर विचारलं तर नको म्हणायचं. माझा हात आत असणार आहे.”

“बरं झालं सांगितलंत,” मगदूम मास्कआडून म्हणाले. “मी आपला सवयीनं हो दाबून मोकळा झालो असतो.” त्यांनी तिच्यासमोर फोनवर ‘नको’ केलं. खुर्चीतल्या माणसानंही आ वासलेल्या अवस्थेत मान हलवून संमती दिली.

दुसरं दार वरच्या मजल्यावर, देशिंगकर सरांच्या शिकवणीचं. सरांनी गणित अर्ध्यावर सोडलं, चष्मा कपाळावर चढवला, ‘नको’ केलं, आणि “अगदी निश्चिंत राहा हो,” असं सांगून खडू पुन्हा हातात घेतला.

तिसरं दार पूर्वेकडचं. ‘विहंग सहली’. काचेवर बर्फाचे डोंगर, खाली नाव, निमिषा कवठेकर. दार बंद होतं.

निमिषा म्हणजे शलाकाची सख्खी धाकटी बहीण. तीन वर्षं झाली, दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आईच्या शेवटच्या आजारात तिला श्वासाचं मशीन लावलं होतं. त्या दुपारी शलाका एका बँकेत मशीनमध्ये हात घालून बसली होती आणि फोन नियमाप्रमाणं लांब, बंद करून ठेवलेला. हात आत असताना फोन वाजला, माणूस दचकला, की गेलंच. इकडं दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आता घशात नळी घालायची, की हेही मशीन थांबवायचं? निमिषा एकटी होती. ती म्हणाली, थांबवा. शलाका पोचली तेव्हा आईच्या नाकावर मास्कचा वळ तेवढा उरला होता. तिनं फोन सुरू करून बघितला तर निमिषाचा एकच न घेतलेला फोन. अगं, आई जातीय आणि तू एकदाच फोन करतेस? कंपनीत करायचा, बँकेत करायचा, कुणाला तरी पाठवायचं! एवढी घाई होती तुला बंद करायची? असं सगळं ती भर व्हरांड्यात, चारचौघांत बोलली होती. निमिषानं उलट एक शब्द काढला नाही, आणि तेच शलाकाच्या जास्त जिव्हारी लागलं. जिच्या बाजूनं सांगण्यासारखं काही असतं ती बोलते की नाही? असं तिचं म्हणणं.

तेव्हा आता ‘विहंग सहली’च्या दारात ती उभी होती. नियम म्हणत होता, फोन कर. नंबर तिनं कधीच पुसून टाकला होता, पण पुसला म्हणून काय झालं? दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानात सिमकार्डं घेतली होती. शेवटचा आकडा तेवढा वेगळा.

“ऑफिसच बंद आहे,” ती स्वतःशी पुटपुटली. “कोण वीज देतंय इथं?”

बंद ऑफिसातली यंत्रं झोपलेली असली तरी मालकानं ‘नेहमी हो’ केलेलं असेल तर झोपेतही वीज देतात, हे तिच्याइतकं सांगलीत कुणाला ठाऊक नव्हतं. तरी ती वळली. पाच मिनिटांचं तर काम आहे, असं म्हणत वळली.

बाबर चहा घेऊन तयार होता. तिनं चहा बाजूला ठेवायला सांगितला. मग घड्याळ काढलं, अंगठी काढली, वेणी गुंडाळून वर बांधली, फोन बंद करून खिडकीत ठेवला. मशीनचा प्लग काढला, पोटातल्या बॅटरीतली उरलीसुरली वीज उतरवून टाकली. आतल्या पत्र्याला आधी हाताची पाठ लावून बघितली, कारण धक्का बसलाच तर मूठ मिटते, आणि तळहात लावलेला असेल तर तो चिकटून राहतो. सगळं कसं पुस्तकाबरहुकूम. एक दार तेवढं सोडून!

जळका बोर्ड तिनं काढला. बोर्ड जळताना आतल्या गरम रोलरभोवती प्लॅस्टिकची एक पट्टी वितळून घट्ट बसली होती, ती सोलून काढायला हवी होती. हाताला आड येतो म्हणून रोलर उलटा फिरवायचा खटकाही तिनं सोडवून टेबलावर ठेवला. दोन रोलरांच्या मधल्या फटीत तिनं उजव्या हाताची बोटं सरकवली. पट्टीचं टोक नखाला लागलं.

तेवढ्यात आतला पंखा भुर्रर्र करून सुरू झाला.

हात मागं घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मिळाला नाही. मशीनला वीज मिळाली की, बोर्ड असो नसो, ते आधी अडकलेला कागद ओढून घेतं, तसा त्यानं रोलर फिरवला आणि तिची तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत घेतली. मोटर कण्हली आणि तिथंच थांबली, पण पकड काही सुटली नाही.

“आई गं!” शलाका ओरडली.

बाबर धावत आला. “काय झालं, म्याडम?”

“हात अडकलाय. कशाला हात लावू नका!” ती म्हणाली. आणि मग तिला रोलर कोमट लागला.

हा रोलर शाई कागदावर वितळवतो. भजी तळायचं तेल तापतं तेवढा तो तापतो, आणि तिथंच थांबतो, कारण बोर्ड त्याला थांबवतो. बोर्ड टेबलावर पडला होता. म्हणजे आता हा थांबायचा नाही, वीज मिळतेय तोवर तापतच जाणार.

“म्याडम, मी मेन बंद करतो,” असं म्हणत बाबर पळाला.

“बाबर, नको!”

पण त्यानं खाडकन मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले, वरचा पंखा थांबला, आणि मशीनचा आवाज चांगला वाढला. सगळं ऑफिसच अंधारलेलं दिसल्यावर पलीकडच्या यंत्रांनी हात आणखी सैल सोडला होता.

“वर करा! वर करा तो आधी!”

बाबरनं स्विच वर केला. शलाकानं मान वाकडी करून पट्टीवरचे दिवे बघितले. दोन लाल होते. मगदूम डॉक्टर आणि देशिंगकर सर शब्दाला पक्के राहिले होते. पूर्वेकडचा तिसरा दिवा हिरवागार होता. तिनं बॅटरी उतरवली तेव्हाच त्याला हे मशीन उपाशी दिसलं असणार.

रोलर आता चहाच्या कपाएवढा गरम झाला होता.

“त्या सहलीवाल्या बाईंचं दार फोडू का?” बाबरनं विचारलं. “वॉचमनकडं पहार हाय.”

“फोडून उपयोग नाही. दोन्हीकडची यंत्रं भिंतीतल्या केबलला आहेत. तोडत बसलात तर अर्धा तास जाईल. मालकानंच नको म्हणायला पाहिजे.” तिनं दात आवळले. “फोन काढा तुमचा. माझा नंबर आहे ना त्यात? तोच फिरवा. शेवटी सात आहे तिथं आठ घाला.”

“आठ?”

“आठ हो! लवकर!”

बाबर नंबर फिरवायला लागला. पहिल्यांदा त्यानं नऊ घातला, एका भलत्याच माणसाला फोन लागला, त्यानं तो कापला. शलाकाला आता कप वाटत नव्हता, तवा वाटत होता. तिनं हात ओढून बघितला. कातडं निघेल पण बोट निघणार नाही, हे तिला कळलं. मेकॅनिकचा उजवा हात. याच्यावर तिचं घर चालत होतं, आणि खरं सांगायचं तर घरापेक्षा जास्त तिचा गर्व चालत होता.

फोन लागला. बाबरनं आवाज मोठा करून तो तिच्या तोंडाशी धरला. मागं बसचा हॉर्न, माणसांचा कल्ला.

“विहंग सहली, बोला. अहो काका, चौदा नंबर खिडकीचाच आहे, बसा तुम्ही! हां, बोला.”

“निमे,” शलाका म्हणाली.

“काका, एक मिनिट,” निमिषा पलीकडं कुणाला तरी म्हणाली.

“निमे, ऐक. हुद्दार वकिलांच्या ऑफिसात आहे मी. तुझ्याकडनं मशीनला वीज येतीय. माझा हात आत आहे.”

“ताई?”

“हात आत आहे, निमे! रोलर तापतोय. बंद कर!”

“थांब, थांब, करते. फोन कापू नको.” तिच्या धापा ऐकू येत होत्या. “उघडलं. हे... नेहमी हो केलंय ना मी. ते काढते. काढलं. आता विचारतंय.”

“काय विचारतंय? दाब ना!”

“विचारतंय, तुम्ही वीज थांबवल्यास हे यंत्र बंद होईल. नक्की थांबवायचं?”

आणि निमिषा थांबली. शलाकाला बसचा हॉर्न ऐकू आला, कुणीतरी “ताई, चला की,” म्हणत होतं ते ऐकू आलं, आणि धाकट्या बहिणीचा श्वास ऐकू आला, लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधी व्हायचा तसा.

“निमे!”

“माझ्यानं नाही होत गं,” निमिषा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “तेव्हापासून मी कुठल्याच यंत्राला नको म्हटलेलं नाही. म्हणून तर नेहमी हो केलंय. असलं काही समोर आलं की माझा हातच चालत नाही, ताई. परत काहीतरी होईल. मी बंद केलं आणि तुला काही झालं तर?”

बाबर तोंड उघडं टाकून बघत होता. शलाकाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले होते. कातड्याचा वास तिला आला, तो कुणाचा आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. शिव्या ओठांवर आल्या होत्या. तीन वर्षं साठवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. एवढी घाई होती ना तुला तेव्हा, मग आता का गं? हेही आलं होतं. ते बोलली असती तर निमिषानं फोन खाली टाकला असता, हे तिला हातातल्या आगीइतकं स्वच्छ दिसलं.

“निमू,” ती म्हणाली. लहानपणीच तिला असं म्हणायची. “ऐक माझं. तेव्हा तू एकटी होतीस. मी नव्हते. आज मी आहे. मी सांगतेय तुला बंद करायला. जे होईल ते माझ्या शब्दावर होईल, तुझ्या नाही. दाब.”

“ताई...”

“दाब, राजा.”

हिरवा दिवा विझून लाल झाला. पंखा रेंगाळत थांबला. मोटरची पकड सुटली आणि बाबरनं तिच्या सांगण्यावरून टेबलावरचा खटका उचलून घातला, रोलर उलटा फिरवला. हात बाहेर आला. शलाकानं त्याच्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

मगदूम डॉक्टरांनी दाढ अर्धी सोडून तिला आत घेतलं. हाताला मलम नाही, बर्फ नाही, आधी वाहतं पाणी, असं म्हणून त्यांनी तिचा हात बेसिनच्या नळाखाली धरायला लावला आणि सरकारी दवाखान्यातल्या मित्राला फोन करत बाहेर गेले. परत येऊन त्यांनी खरं ते सांगितलं. दोन बोटं बरी होतील. मधल्या बोटाचं पेर वाकेल असं वाटत नाही, आतपर्यंत शिजलंय ते. आणखी थोडा वेळ गेला असता तर तिन्ही कापावी लागली असती.

शलाका नुसती हं म्हणाली. मधल्या बोटाशिवाय स्क्रू फिरवता येतो का, याचा ती विचार करत होती. येतो बहुतेक, पण वेळ लागेल.

निमिषा आली तेव्हा गळ्यात ओळखपत्र, हातात प्रवाशांची यादी, आणि एक चप्पल तुटलेली. बस तिनं ड्रायव्हरच्या हवाली करून टाकली होती. ती दारातच उभी राहिली. तिची वेणी पांढरी व्हायला लागली होती, हे शलाकानं आज पहिल्यांदा बघितलं. तिनं पायानं शेजारचं स्टूल पुढं सरकवलं.

“दार नाही घेतलंस माझं,” निमिषा म्हणाली.

“नाही घेतलं.”

“फोन करायचा होतास.”

“तूही एकच केला होतास,” शलाकाच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं नळाकडं बघत हळूच विचारलं, “का गं निमे? एकच का केलास? तीन वर्षं मला हे खातंय.”

निमिषा पुढं आली. बेसिनच्या कडेला टेकली.

“मशीन थांबवा असं मी सांगितलं,” ती म्हणाली. “ते माझं. ते मी कुणावर ढकलत नाही. पण फोन... तू उचलला नाहीस तेव्हा मी बँकेचा नंबर शोधत होते. आईनं माझा हात धरला. ताकद कुठनं आली होती कुणास ठाऊक. मास्क बाजूला केला आणि म्हणाली, नको करू. तिचा हात आत असेल. दचकेल.”

शलाकानं नळ बंद केला. मग पुन्हा सोडला.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय केलं असतंस? परत कुठल्या मशीनमध्ये तुझा हात गेला असता का, ताई?”

शलाका बेसिनवर वाकली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. हात भाजताना ती ओरडली होती, पण रडली नव्हती. मगदूम डॉक्टर आवाज ऐकून लगबगीनं आत आले.

“फार दुखतंय का? इंजेक्शन देतो मी.”

“नको, डॉक्टर,” निमिषा म्हणाली. तिनं बहिणीचा भाजलेला हात मनगटाला धरून पाण्याखाली नीट सरळ केला. “थोडं थांबा. रडू दे तिला.”